वाचक विचारतात : सॅली, हॉकी स्टिक आणि दारात आलेला हॅरल्ड

प्रश्न : लहानपणी बाबा फाउंटनच्या फूटपाथवरून जुनी इंग्लिश कॉमिक्सची पुस्तकं आणायचे, त्यात पीनट्सची, म्हणजे चार्ली ब्राउनच्या कॉमिकची, एक ख्रिसमसची गोष्ट होती, एका मुलीला नाटकात एकच शब्द बोलायचा असतो आणि ऐनवेळी ती भलतंच बोलते. परवा मुलीला 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हे टीव्हीवरचं कार्टून लावून दिलं तर त्यात हे नाहीच! मी काहीतरी मिक्स करतेय का? आणि त्यातलं ते काटकुळं ख्रिसमसचं झाड तरी कॉमिकमधलंच ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही हो ताई, तुमची आठवण पक्की आहे, फक्त ती गोष्ट टीव्हीवरच्या त्या स्पेशलमधली नाही, बरीच नंतरची, 80 च्या दशकात पेपरात रोज थोडी थोडी आलेली. ती मुलगी म्हणजे सॅली, चार्ली ब्राउनची धाकटी बहीण. शाळेच्या ख्रिसमसच्या नाटकात ती देवदूत झालीय आणि तिला फक्त 'हार्क!' म्हणायचंय, म्हणजे 'ऐका हो!', की लगेच गाणं सुरू. आता ते कॅरल, म्हणजे ख्रिसमसचं गाणं, आहे 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग', हेरल्ड म्हणजे वर्दी देणारे दूत, पण सॅलीबाईंनी ऐकलंय 'हॅरल्ड एंजल', त्यामुळे ती घरभर सांगत सुटते की मी हार्क म्हटलं की हॅरल्ड एंजल गाणार. भाऊ समजावून थकतो, असा कोणी मुलगा नाहीये गं बाई, पण ऐकेल ती सॅली कसली!

नाटकाच्या दिवशी स्टेजवर गेल्यावर तिची जी तंतरते ना, तोंडातून निघतं 'हॉकी स्टिक!' सगळे हसतात, ही घरी येऊन रडकुंडीला. इथे गोष्ट संपली असंच वाटतं, आणि मग बेल वाजते, चार्ली ब्राउन दार उघडतो तर एक मुलगा उभा, सॅली आहे का घरी? माझं नाव हॅरल्ड एंजल.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, चार्ली ब्राउनचं तोंड. चार चौकटींच्या कॉमिक पट्टीत वाचक कितीतरी दिवस त्याच्या बाजूने शहाणा होऊन हसत असतो, बिचारीला साधं गाणं कळत नाही म्हणून, आणि शेवटी येडा ठरतो तो आणि आपण. पीनट्स काढणारा चार्ल्स शुल्झ पुढे काही खुलासा करत बसत नाही, हा मुलगा आला कुठून वगैरे. दुसरा कोणी असता तर सॅलीला शेवटच्या क्षणी 'हार्क' आठवून टाळ्या मिळवून दिल्या असत्या, इथे तिचा पचका तसाच राहतो, फक्त तिचं म्हणणं खरं निघतं. हा माणूस जवळजवळ 50 वर्षं मदतनीस न ठेवता एकट्याने पट्टी काढत होता, 17,897 पट्ट्या, त्यामुळे घाई कुठे करायची नाही हे त्याला बरोबर माहीत.

झाडाचं मात्र उलटं, ते टीव्हीचंच. 9 डिसेंबर 1965 ला सीबीएस या अमेरिकन चॅनेलवर ते स्पेशल पहिल्यांदा लागलं, लिहिलं शुल्झनेच, दिग्दर्शन बिल मेलेंडेझचं. तेव्हा अमेरिकेत चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या झाडांची फॅशन होती आणि त्यावरच ती टोमणेबाजी आहे. सॅली त्यातही आहे बरं का, सांताला पत्रात सरळ पैसेच पाठव म्हणून सांगते, दहा-वीसच्या नोटा. आणि शेवटी सगळी पोरं झाडाभोवती जे गातात ना ते हेच हेरल्ड एंजल्सवालं कॅरल, त्यामुळे तुमच्या डोक्यात दोन्ही एकत्र झालं असेल तर नवल नाही.

मुलीला दाखवायचंच असेल तर 1992 चं 'इट्स ख्रिसमस टाइम अगेन, चार्ली ब्राउन' शोधा, त्यात हॉकी स्टिक आहे. पण पुस्तक अजून माळ्यावर असलं तर आधी ते द्या, कारण त्या स्पेशलमध्ये मेंढीचं काम मिळालेली पेपरमिंट पॅटी इतका भाव खाऊन जाते की सॅली मागेच पडते.