पहिलं ब्रश कटर घेताना

ब्रश कटर म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला फिरणाऱ्या नायलॉन दोरीने किंवा पात्याने गवत-झुडपं कापणारं यंत्र. ट्रिमर हा त्याचाच हलका, दोरीवर चालणारा भाऊ. फक्त लॉनच्या कडा आणि मऊ गवत असेल तर बॅटरीचं हलकं ट्रिमर पुरे. कमरेइतकं रान, झुडपं असतील तरच सरळ दांड्याचं, पट्ट्यासह येणारं पेट्रोल ब्रश कटर घ्या. वाकड्या दांड्याच्या ट्रिमरला लोखंडी पातं कधीही लावू नका.

टू-स्ट्रोक इंजिन (ज्याच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं) असेल तर तेलाचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा. ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल, २५:१ म्हणजे ४० मिली. अंदाजाने ओतू नका. तेल कमी पडलं की पिस्टन जाम होतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या किमतीच्या घरात जातो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- गार्ड (दोरीवरचं संरक्षक कव्हर) काढून टाकणं. दोरी गरजेपेक्षा लांब फिरते, इंजिनवर ताण येतो, खडे थेट नडगीवर बसतात.
- "जाड दोरी टिकते" म्हणून हेडला (दोरी गुंडाळलेल्या फिरत्या भागाला) न पेलणारी घालणं. साध्या गवताला बहुतेक मशीनवर २.४ मिमी पुरते.
- दोरी गवतात खुपसणं. कापतं ते टोक, म्हणून टोकानेच थोडं थोडं घ्या.
- रोपाच्या बुंध्याला दोरी लागू देणं. साल गोल सोलली गेली की रोप वाळतं. बुंध्याभोवतीचं गवत हातानेच उपटा, एवढं माझं ऐकाच.

चष्मा, बूट, फुलपँट हवीच. माणसं आणि जनावरं १५ मीटर लांब ठेवा. लोखंडी पातं सध्या बाजूलाच ठेवा. महिनाभर दोरीवर हात बसू दे.