मग त्या रात्री झोपलं कोण?

गणपती उठले की आमच्याकडे खोकल्याचा हंगाम सुरू होतो. मी समुपदेशक. माझ्या खोलीला लागूनच एका बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना आहे आणि मधली भिंत पातळ. त्यामुळे सप्टेंबर ते जानेवारी माझ्या प्रत्येक बैठकीला पलीकडच्या खोकल्याची साथ असते. याच महिन्यांत कुठली ना कुठली आई, आलेली असते भलत्याच कारणासाठी, पण उठता उठता आवाज खाली आणून विचारते, "मॅडम, रात्री सर्दीचं औषध दिलं की तो शांत झोपतो. म्हणजे सर्दी असतेच हो. पण खरं सांगायचं तर झोपावा म्हणूनच देते. चुकतंय का माझं?"

२०२५ च्या ऑक्टोबरनंतर हा प्रश्न जास्तच घाबऱ्या आवाजात येऊ लागला. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून जास्त मुलं दगावली. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं, त्यामुळे बातमी आपल्या दारातलीच वाटली. बऱ्याच जणींनी घरातल्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. काहींनी महिन्याभराने नव्या आणल्या, "ही चांगल्या कंपनीची आहे" म्हणून. इथे एक गफलत होते. छिंदवाड्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. ते विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं आणि कुठल्याच औषधात ते असता कामा नये. मी ज्याबद्दल लिहितेय त्या बाटलीत भेसळ काहीच नाही. वर जे छापलंय तेच आत आहे, आणि प्रश्न त्याचाच आहे.

तृप्तीची गोष्ट तिला विचारून लिहितेय. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ती आली होती रागासाठी. "मी मुलावर फार ओरडते." शौनक दोन वर्षं आठ महिन्यांचा. जूनपासून प्लेग्रुपला जाऊ लागला आणि तेव्हापासून दर दोन-तीन आठवड्यांनी नाक वाहतंय. वन बीएचकेचं घर, हॉलमध्ये सासूबाई. नवरा सचिन एका कारखान्यात, पहिल्या पाळीला कंपनीची बस पाच वीसला. ती स्वतः पतसंस्थेत क्लार्क. पहिल्या दोन भेटींत औषधाचा विषयसुद्धा निघाला नाही. निघाला तो मी रात्रीचा हिशेब मागितल्यावर. "काल रात्री दहा ते सकाळी सहा, काय काय झालं ते तासातासाने सांग." (अगं-तुगं करा असं तिनेच पहिल्या भेटीत सांगितलं होतं.)

साडेदहाला जेवणं आटोपली. पावणेअकराला शौनकला "त्याचं गुलाबी औषध". बाटली फ्रिजवर, मसाल्याच्या डब्यामागे. शौनक दीड वर्षाचा असताना कुठल्याशा डॉक्टरांनी तीन दिवसांसाठी दिलेली. पुढे रिकामी बाटली दाखवली की मेडिकलवाला भरलेली द्यायचा. आधी अर्धं झाकण. "हल्ली पाऊण लागतं."

"त्याने खोकला थांबतो?"

"थांबतो ना." मग जरा थांबून, "म्हणजे खोकतो. पण झोपेतच खोकतो."

"आणि औषध नाही दिलं तर?"

"तर बाकीचे उठतात."

एवढं बोलून ती स्वतःच गप्प झाली. मीही काही बोलले नाही. उमेदीच्या वर्षांत मी इथेच घोडचूक करायचे. लगेच माहितीचं पुडकं सोडायचे, हे धोकादायक, ते धोकादायक. बाई मान डोलवायची, घरी जायची, औषध द्यायची आणि पुन्हा माझ्याकडे यायची नाही. आईला माहिती नसते असं नाही. रात्री दोन वाजता ती माहितीला विचारून काही करत नसते.

पुढच्या भेटीला तिला वही दिली आणि म्हटलं, औषध ओतताना मनात जे वाक्य येतं ते लिही. तिने तीन लिहिली. सचिनची झोप मोडताच कामा नये. आईंना त्रास होताच कामा नये. शौनक रात्रभर झोपलाच पाहिजे. मी पेन्सिलने तिन्ही 'च'भोवती गोल केले. माझे सहकारी यावरून मला हसतात, तुमचं सगळं शेवटी 'च'पाशी येतं म्हणतात. येतं खरं. सचिनची झोप मोडू नये ही इच्छा झाली, चांगली इच्छा आहे. मोडताच कामा नये हा हुकूम झाला, आणि तो हुकूम घरातल्या सगळ्यांत लहान माणसावर चमच्याने बजावला जात होता.

"पण सासूबाई म्हणतात, आम्ही नाही का जायफळ उगाळून द्यायचो," ती म्हणाली.

द्यायच्याच. त्याच्याही मागे जाता येतं. माझी आजी गिरणगावातली. चाळीतल्या बायका पाळीवर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देत, म्हणजे पाळी संपेपर्यंत पोर निजून राही, असं ती सांगायची. १९२० च्या दशकातल्या मुंबईतल्या कामगारविषयक अहवालांत या प्रकाराच्या नोंदी आहेत. त्या बाया दुष्ट नव्हत्या. त्यांच्या पाळीला सुट्टी नव्हती आणि पोराला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. तृप्तीला मी हे सांगितलं ते तिला लाजवायला नाही. पोर गप्प करायची बाटली घरात येते तेव्हा त्या घरात एका माणसावर जास्त भार पडलेला असतो, हे माझं बऱ्याच वर्षांचं निरीक्षण आहे. भार न हलवता नुसती बाटली हलवली, तर तिच्या जागी दुसरी येते.

चौथ्या भेटीत ते झालं ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

ती आली तीच उतरलेल्या चेहऱ्याने. आदल्या आठवड्यात शौनकला तापही होता. दहाला तापाचं औषध दिलं आणि पावणेअकराला गुलाबी. सव्वाअकराला तो थोडा चुळबुळला म्हणून "आणखी जरासं". मग तो झोपला. घर झोपलं.

"दोनला मला जाग आली. खोकल्याचा आवाज नाही म्हणून जाग आली, मॅडम. हाक मारली, हलवलं. एरवी मी कुशीवर वळले तरी उठतो तो. उठला नाही. डोळे अर्धवट उघडले आणि मिटले. म्हटलं, औषधाने झोपलाय, झोपू दे. पण मग वाटलं, तापाने असेल तर? मला कळेचना. त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले. सचिनला उठवलं नाही. बस यायची होती ना."

"किती वेळ?"

"पाचचा अलार्म होईपर्यंत."

मी एकच प्रश्न विचारला, तोही सावकाश. "तृप्ती, झोपण्यासाठी औषध दिलं. मग त्या रात्री झोपलं कोण?"

ती आधी हसली, मग रडली, बराच वेळ. पलीकडे कुणाचं तरी पोर खोकत होतं. ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. त्या रात्रीनंतर दोन वेळा तिने पुन्हा औषध दिलं होतं आणि दोन्ही वेळा बोट धरून बसली होती. मुलावरच्या ओरडण्याचं मूळ तिथे होतं. दिवसा ती ज्याच्यावर खेकसायची, त्याच्याच श्वासाचा पहारा रात्री करायची. प्रश्न साधा होता. पण तो पहिल्या भेटीत विचारला असता तर टोमणा वाटला असता. कधी विचारायचा हे कळायला मला दहा वर्षं लागली, हे थोड्या अभिमानानेच सांगते.

तिने पकडलेली गोष्ट नेमकी होती. आमच्या शेजारचे डॉक्टर पालकांना तेच सांगून दमतात. आजारी मुलाची गुंगी हे लक्षण आहे. मूल नीट जागं होत नाही, ही डॉक्टरांकडे धावायची खूण आहे. झोप आणणारं औषध आत गेलं की ती खूणच पुसली जाते. औषधाची झोप कुठली आणि आजाराची ग्लानी कुठली, हे मग आईलाही ओळखता येत नाही.

या बाटल्यांत बहुधा क्लोरफेनिरामाइन असतं, कधी डायफेनहायड्रामाइन किंवा प्रोमेथाझिन. ही जुन्या पिढीची ॲलर्जीची औषधं, मेंदूपर्यंत पोचतात म्हणून झोप आणतात. सर्दी-खोकला बरा करण्यात त्यांचा काही उपयोग नाही. उलट लहान मुलात श्वास मंदावण्याचा धोका असतो. प्रोमेथाझिन तर याच कारणासाठी दोन वर्षांखालच्या मुलांना वर्ज्य आहे. काही मुलं नेमकी उलटी वागतात, झोपायचं सोडून रात्रभर उधळतात. तेव्हा घरचे म्हणतात "डोस कमी पडला" आणि आणखी देतात. क्लोरफेनिरामाइन आणि नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसा इशारा वेष्टनावर छापावा, असं आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये बजावलं. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की खोकला-सर्दीची औषधं दोन वर्षांखाली देऊच नयेत आणि पाचखालीही सहसा नकोत. तृप्तीने बाटली पिशवीतून काढून उजेडात धरली. इशारा होता, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याहून खाली पॅरासिटामॉलही होतं. म्हणजे त्या रात्री तापाचं औषध पाऊण तासात दुसऱ्यांदा पोटात गेलं होतं. हे फार घरांत होतं, कारण बाटलीवर मोठ्या अक्षरांत फक्त 'कोल्ड' असतं. पॅरासिटामॉल चांगलं औषध आहे, पण वजनाप्रमाणे आणि एकाच बाटलीतून. थेंबांचं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतं, तेव्हा ड्रॉपरच्या जागी चमचा चालत नाही.

ती तशीच उठून शेजारी डॉक्टरांकडे गेली. शौनक ठीक होता.

मग द्यायचं काय? हा प्रश्न रास्त आहे, नुसतं 'देऊ नका' म्हणून रात्र सरत नाही. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब. कोमट पाणी, पेज, सूप, जे घेईल ते. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपण्याआधी चमचाभर मध. अमेरिकेत २००७ साली झालेल्या एका अभ्यासात रात्रीच्या खोकल्यावर मध चांगला ठरला होता, आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात पालकांची झोप कशी झाली हेही विचारलं होतं. वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा नको, बॉट्युलिझम या जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला धरून वाफ देणं बंदच करा, त्याने भाजलेली मुलं दवाखान्यात येतात.

पहारा करायचाच, तर बोट धरून नाही, मोजून. पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. त्याला किंवा त्यापुढे गेलं तर डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल काही पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटका आला असेल किंवा नीट जागं होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा. यांतलं काही नसेल, तर खोकणारं पण झोपलेलं पोर झोपलेलंच असतं. प्लेग्रुपच्या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात आणि खोकला दोन-दोन आठवडे रेंगाळतो. म्हणजे वर्षातल्या बऱ्याच रात्री खोकल्याच्या असणारच. हा 'च' मात्र मला मान्य आहे.

पाचव्या भेटीला सचिनला बोलावलं. हातातलं हेल्मेट त्याने शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. बायकोने त्या रात्रीचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला उठवायचं ना."

"तुझी बस."

"बस चुकली तर हाफ डे लागतो. एवढंच."

सहा महिने ती ज्या आपत्तीपासून घराला वाचवत होती, तिची किंमत अर्ध्या दिवसाचा पगार होती. कमी नाही ती. पण कोणी कधी मोजलीच नव्हती.

वाटणी झाली. एकपर्यंत सचिन, एकनंतर तृप्ती. तो जेवला की लगेच झोपायचा, तेव्हा हे सहजासहजी ठरलं नाही. पहिल्या आठवड्यात तो दोनदा झोपून गेला आणि त्यावरून भांडणही झालं. सासूबाईंनी कानात कापूस घालायला सुरुवात केली, कुणी न सांगता. "वाईट आई आहे का मी?" हे तृप्तीने आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं, "औषध देणं चुकलं. 'आई' हा शब्द त्या वाक्यात कुठून आला?"

शेवटच्या भेटीत तिने एका रात्रीची हकिकत सांगितली. शौनक पुन्हा खोकत होता. पावणेतीनला तिने मोबाइलचा टायमर लावून श्वास मोजले, बत्तीस भरले. सचिन अर्धवट झोपेत म्हणाला, थांब, मी मोजतो. त्याचे चौतीस भरले. मग कोणाचं बरोबर, यावरून दोघांची कुजबुज सव्वातीनपर्यंत चालली. शौनक मधेच एकदा खोकला आणि कूस बदलून तसाच झोपला.