आरओएसला सरसकट व्हिलन करू नकोस

अरे सगळ्यात आधी "आरओएस (म्हणजे पेशीत तयार होणारे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू) वाईट, त्यांना निकामी करणारे अँटिऑक्सिडंट चांगले" हे डोक्यातून काढून टाक, नवीन माणूस तिथेच अडकतो. २००० सालच्या होप ट्रायलमध्ये हजारो पेशंटना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई, म्हणजे एक अँटिऑक्सिडंट, दिलं, साधारण साडेचार वर्षं, आणि हार्ट अटॅकमध्ये फरक शून्य.

कारण हृदयाच्या पेशीला थोडं आरओएस लागतंच. रक्त भरताना पेशी ताणली जाते, की आरओएस बनवणारं नॉक्स-२ एन्झाइम जागं होतं, त्यातून निघालेलं आरओएस शेजारच्याच रायनोडिन रिसेप्टरला (पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडणारं दार) जरा हळवं करतं आणि कॅल्शियम स्पार्क, म्हणजे कॅल्शियमचे छोटे झोत, वाढतात, २०११ ला उंदरांच्या पेशींत हे दाखवलंय. सगळं क्षणात आणि शेजारच्या शेजारी, त्यामुळे किती यापेक्षा कुठे आणि कधी ते बघ. तेच जास्त झालं तर कॅमकेटू (CaMKII, कॅल्शियमने चालू होणारं एन्झाइम) याच्या २८१ आणि २८२ नंबरच्या मेथिओनिन या अमिनो आम्लांचं ऑक्सिडेशन होतं, मग ते बंदच होत नाही, कॅल्शियम गळायला लागतं आणि ठोके बिघडतात.

आणि डीसीएफ डायवर (आरओएस मोजायचा रंग, ऑक्सिडाइज झाला की हिरवा चमकतो) डोळे झाकून विश्वास ठेवू नको बाबा. मी एकदा मायक्रोस्कोपचा लाइट चालू ठेवून चहाला गेलो, परत येऊन बघतो तर कंट्रोल पेशी पण हिरव्यागार, काहीही न देता! लाइटनेच डाय ऑक्सिडाइज झाला होता, आणि मी येडा दोन दिवस खूश होतो. त्यामुळे नुसत्या डायची, पेशी नसलेली एक डिश शेजारी ठेवच.