साहेबांच्या नावावर लिहून ठेवा

पत्र लांब आहे, कामापुरतं देते:

“काकू, मी २७ वर्षांची. हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, संत्र्याचं स्क्वॅश, मार्मालेड, संत्रा बर्फी. मामा राजकारणात मोठे, मावशी मराठी सिरियलमध्ये, तिला तर घराघरात ओळखतात. मी काहीही केलं की लोक म्हणतात, हिला काय, मामानं करून दिलं. सबसिडी मिळाली तर मामा, ऑर्डर मिळाली तर मामा. मैत्रिणीही आता तोंडावर बोलून राहिल्या. आई म्हणते पॅकिंगवर मामाचा फोटो लाव, लाज कशाची. एक कॉन्ट्रॅक्टर २५ लाख टाकून २० टक्के भागीदारी मागून राहिला. कधी वाटते सगळं सोडून पुण्याला जावं, जिथे कुणी ओळखत नाही. तसे ६ लाख ४० हजार बाजारात अडकले आहेत, जास्त करून मामांच्याच माणसांकडे, पण तो वेगळा विषय आहे. मी काय करू?”

बाई गं, तो वेगळा विषय नाहीये, तोच तर विषय आहे. अख्ख्या पत्रात लोक काय बोलतात ते लिहिलंस, कोण कुठल्या लग्नात काय बोललं तेही लिहिलंस, आणि साडेसहा लाखांवर जाता जाता एक ओळ.

लोकांचं आधी आटपून टाकू. सबसिडी तू पीएमएफएमईमधून घेतली, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि बँकेनं कर्ज दिलं तरच. निकषात बसला तर ज्याचा मामा एसटीत कंडक्टर आहे त्यालाही मिळाली असती. हे कुणाला समजावत बसू नको, पण फाइल जपून ठेव, अर्ज, मशीनची कोटेशन्स, सँक्शन लेटर सगळं, कारण उद्या मामांचे विरोधक माहिती अधिकारात तेच मागतील. आणि खरं सांगू का, थोडा फायदा तुला झालाच असेल. बँकेत मॅनेजरनं बसा म्हटलं असेल, चहा मागवला असेल, दुसऱ्या एखाद्या पोरीला त्याच कामासाठी चार चकरा पडल्या असतील. मान्य करून टाक ना, त्यावर भांडते कशाला, तू मान्य केलं की मैत्रिणींकडे बोलायला काय उरते?

आता पैसे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की इथे काय होते ते नागपूरकराला सांगायला नको, रविभवन, आमदार निवास, सिव्हिल लाइन्समध्ये गाड्याच गाड्या, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाला जाताना संत्रा बर्फीचा डबा पाहिजे. तू लिहिलंस की कार्यकर्त्याचा फोन येतो, ताई २०० डबे पाठवून द्या, साहेबांच्या नावावर लिहून ठेवा, आणि तू पाठवून देते, ना बिल ना चलान, वहीत एक ओळ. आणि हे नेमकं कधी, तर आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात आणि तुला रोख लागते तेव्हा. काटोल-नरखेडचा शेतकरी असो की कळमन्याचा अडत्या, तो काही साहेबांच्या नावावर लिहून ठेवत नाही. म्हणजे फळ रोखीनं, मजुरी दर आठवड्याला, बँकेचा हप्ता दर महिन्याला, आणि माल तेवढा उधारीवर. लोक म्हणतात मामा तुझा धंदा चालवून राहिले, हिशोब पाहिला तर तूच मामांच्या माणसांचं अधिवेशन चालवून राहिली.

मागायची हिंमत होत नाही, मामांच्या कानावर जाईल, आई म्हणेल नात्यात पैसा आणला, असंही लिहिलंस. अगं पण मामांच्या कानावर जायलाच पाहिजे! माझा अंदाज सांगते, मामांना यातलं काहीच माहीत नसावं. डबे वाटले कार्यकर्त्यानं, फोटो काढले त्यानं, वट वाढली त्याची, आणि वहीत नाव साहेबांचं. आपल्या नावावर कोण काय उचलून राहिलं हे कळलं की कुठलाही पुढारी आधी दचकतो आणि मग चिडतो, पण तुझ्यावर नाही चिडत.

तर एक यादी कर, फोन कोणाचा, तारीख कोणती, डबे किती, कुठे उतरवले, व्हॉट्सॲपचे मेसेज सोबत. बिलं फाडली नाहीत त्याचं जीएसटीत काय करायचं ते तुझ्या सीएला आधी विचार, त्याच्यापासून काही लपवू नको. मग पीएला फोन नको, बंगल्यावर गर्दीच्या वेळी जाणं नको, रविवारी सकाळी घरी जा, मामी असताना. मदत मागायची नाही. फक्त विचारायचं, मामा, हे तुम्ही मागवलं होतं का? हो म्हणाले तर बिल त्यांना, घरचं असलं म्हणून काय झालं. नाही म्हणाले तर म्हण, मग ज्यानं मागवलं त्याच्याकडून मी घेते, यापुढे कोणी तुमचं नाव सांगितलं तर आधी तुम्हाला विचारीन. एवढं बोल, पोहे खा आणि निघ. वसुली मात्र त्यांना करायला सांगू नको. त्यांनी एक फोन केला की पैसे येतील, पण मग तो उपकार झाला, आणि त्याच कार्यकर्त्याची बदलीची, ॲडमिशनची कामं तुझ्यामार्फत मामांकडे जायला लागतील, ते तुला जन्मभर पुरेल.

ज्याच्याकडे अडीच लाख अडकले म्हणून तू लिहिलंस तो केटरर मात्र वेगळा. तो नुसता ‘आपण घरचेच’ म्हणून वेळ काढून राहिला. त्याला बिलं दिली आहेत ना, मग सरळ कायदा दाखव. छोट्या-मध्यम उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमई कायदा आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, माल द्यायच्या आधीची आहे का ते बघ, असेल तर अशा थकलेल्या पैशांसाठीच असलेल्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आधी वकिलाची नोटीस जाऊ दे, माझ्या मते तेवढ्यानंच तो हलेल.

कॉन्ट्रॅक्टरचं काही अवघड नाही. २० टक्के घ्यायला निघालेला माणूस युनिट पाहायला एकदाही आला नाही असं तूच लिहिलंस, म्हणजे त्याचे २५ लाख संत्र्यात नाही, मामांमध्ये चालले आहेत. त्याला म्हण, करारात लिहू की या भागीदारीतून कुठल्याही सरकारी कामाची अपेक्षा नाही, आणि चेहरा पाह्य. सही करायला तयार झाला तरी नको बापा, उद्या त्याच्या टेंडरची चौकशी लागली तर पेपरात पहिले तुझ्या बर्फीचं नाव येईल.

आईला सांग, फोटो लावला आणि मामा निवडणुकीत पडले तर अर्धं नागपूर बर्फी घेणार नाही, निवडून आले तर उरलेलं अर्धं घेणार नाही. नावाचंच म्हणशील तर दिनशॉज १९३२ पासूनचं आहे, तेही एका माणसाचंच नाव, पण आपल्याला आठवते ते आइस्क्रीम. मावशीनं रील केली तर करू दे, फक्त ‘ही माझी भाची’ हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगायचं. तसंही जाहिरातीत असं नातं उघड करावं अशी केंद्राची २०२३ ची मार्गदर्शक सूचना आहे, आणि लपवून केलेलं कधी ना कधी कमेंटमध्ये कोणीतरी सांगतेच.

पुण्याचं काढून टाक डोक्यातून. संत्री इथली, शेतकरी ओळखीचे इथले, आणि मावशीची सिरियल तिथेही लागते.

मृग बहाराची संत्री फेब्रुवारीत सुरू होतील, त्याआधी अडकलेल्यातले निम्मे तरी हातात पाहिजे, म्हणून या रविवारीच जा. पुढच्या ऑर्डरपासून अर्धा ॲडव्हान्स, बाकीचे पैसे डबे उतरवायच्या आधी, मग फोन कार्यकर्त्याचा असो की मावशीच्या प्रोड्युसरचा. आणि मामी काय म्हणाल्या ते मला नक्की लिही.