पॉलिसीचं नंतर बघू, ताई, आधी ते लोन

चिंचवडहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ३८, पगार हातात ४५ हजार, मुलगी साडेनऊ वर्षांची. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज टाकलाय, शेवटची तारीख दोन महिन्यांवर आलीय. नवरा एकरकमी ४० लाख देणार, फ्लॅट ताईंना, आणि फ्लॅटवरचं २८ लाखांचं लोन तो फेडत राहणार असं ठरलंय. त्यांचा प्रश्न एवढाच की बँकेतला आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) म्हणतोय ४० लाख विम्याच्या गॅरंटीड प्लॅनला लावा, वर्षाला ४ लाख असे १० वर्षं भरा, १५ वर्षांनी ७० लाख मिळतील, तर घेऊ का?

नका घेऊ. हिशेब केला तर वर्षाला साडेपाच टक्के व्याजसुद्धा पडत नाही, आणि मध्येच पैसे लागले तर भरलेल्यातून कापून हातात येणार. पुढच्या दोन वर्षांत कुठला खर्च निघेल हे जिला माहीत नाही अशा बाईला दहा वर्षांच्या हप्त्यात अडकवायला निघालेत, याचा मला खरंच राग येतो.

पण ताई, पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की लोन दोघांच्या नावावर आहे. अहो, सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे! कन्सेंट टर्म्स, म्हणजे घटस्फोटाच्या ठरलेल्या अटी, तुमच्या दोघांत झाल्यात, बँकेने त्यावर सही केलेली नाही. उद्या त्याची नोकरी गेली, दुसरं लग्न झालं, नवीन घराचा हप्ता सुरू झाला आणि तुमच्या घराचे ३१ हजार थांबले, की बँक कोर्टाचा कागद बघणार नाही, तुम्हाला फोन करणार, कर्जफेडीचा सिबिल स्कोअर तुमचा पडणार आणि नोटीस लागणार ती तुम्ही राहताय त्या दारावर. त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येईल, येईल ना, पण तोपर्यंत हप्ते कोण भरणार, ४५ हजारांतून?

दुसरं म्हणजे मुलीच्या खर्चाचं टर्म्समध्ये काहीच नाही. "तो तसा चांगला आहे, फी अडवणार नाही" असं तुम्ही लिहिलंय. आज चांगला असेल, पण बारा वर्षांची फी चांगुलपणावर सोडायची नसते. मुलीचा हक्क तुम्ही सोडला तरी सुटत नाही, नंतरही मागता येतो, पण तेव्हा नवा अर्ज आणि नव्या तारखा.

म्हणून अदलाबदल करा. ४० लाखांतले २८ त्याने थेट बँकेत भरून लोन बंद करायचं, फ्लोटिंग रेटचं असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही. उरलेले १२ लाख तुम्हाला. आणि तो जो ३१ हजारांचा हप्ता अजून साधारण १२ वर्षं भरणारच होता, तोच मुलीचा खर्च म्हणून तुमच्या खात्यात, दरवर्षी थोडी वाढ धरून, टर्म्समध्ये लिहून. वाढ सोडली तर त्याच्या खिशातून आधीपेक्षा काही जास्त जात नाही. महिना चुकला तर वसुलीचा अर्ज करा, निदान घर तरी सुरक्षित राहील. त्याच्या नावाचा टर्म इन्शुरन्सही मुलीसाठी चालू ठेवायला लावा, कारण तोच गेला तर ३१ हजार कुठून येणार.

फ्लॅटवर त्याचंही नाव आहे, ते नुसतं "फ्लॅट पत्नीला" लिहून निघत नाही, नोंदणी केलेला दस्त लागतो. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (वरचा खर्च वकिलाकडून काढून घ्या), पण ही सवलत बायकोला आहे, घटस्फोट झाल्यावर तुम्ही कायद्याने बायको राहत नाही. म्हणून लोन बंद, मग बक्षीसपत्र, मग शेवटची तारीख, याच क्रमाने करा आणि वकिलांना आजच सांगा, दोघांची संमती असेल तर हुकूम होण्याआधी टर्म्स बदलता येतात. लोन फिटलं की बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, उशीर केला तर दिवसाला ५ हजार भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मग १२ लाखांचं काय? ३ लाख बाजूला, अडीअडचणीला. मेडिक्लेम नवऱ्याच्या कंपनीचा असेल तर तो तुमच्यासाठी संपणार, स्वतःचा आणि मुलीचा आत्ताच घ्या. पीएफला नॉमिनी कोण आहे तेही बघा, बहुतेक अजून तोच असेल. बाकीच्याची घाई नाही, सहा महिने साध्या एफडीत राहू द्या.

घाई फक्त सुकन्या खात्याची आहे, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेची. ते मुलगी दहाची व्हायच्या आत उघडावं लागतं, सध्या ८.२ टक्के व्याज, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. एका मुलीचं एकच खातं निघतं, त्यामुळे वडिलांनी आधी उघडलंय का ते विचारा, नसेल तर जन्मदाखला घेऊन या आठवड्यातच पोस्टात जा.