कंपनीची विजेवरची, की डॉक्टरांची जुनी पेट्रोल?

नमस्कार काका,

मी औषधांच्या कंपनीत एरिया मॅनेजर आहे. वय ३४. वर्षाचा पगार साडेचौदा लाख, कर नव्या पद्धतीने भरते. मिस्टर मोहोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरात दोन दुचाक्या आहेत, पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चारचाकीशिवाय निभत नाही. माझी फिरती महिन्यात दोनदा पंढरपूर, दोनदा बार्शी, दोनदा अक्कलकोट आणि एकदा लातूर अशी असते. आत्ता एसटीने जाते.

कंपनीने इलेक्ट्रिक कारची योजना आणली आहे. गाडी कंपनीच्या नावावर, मुदत चार वर्षं, पगारातून महिन्याला १६,००० कापणार. विमा आणि सर्व्हिसिंग त्यांच्याकडे, वीज माझी. वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा आहे, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला ६ रुपये. चार वर्षांनी गाडी परत. दुसरीकडे ओळखीचे एक डॉक्टर त्यांची २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक ४ लाख ६० हजारांना द्यायला तयार आहेत, ५८,००० किलोमीटर झालेत. ती घेतली तर मिस्टरांच्या नावावर घेऊ. स्वतःच्या गाडीने फिरतीला गेलं तर कंपनी किलोमीटरला ९ रुपये देते, ते मात्र कंपनीची गाडी घेतल्यावर बंद होतील. ऑफिसातले सगळे म्हणतात, नवी कोरी गाडी फुकटात मिळतेय, विचार कसला करतेस?

एक वाचक, जुळे सोलापूर

---

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. किलोमीटरला ९ रुपये. विजेवरची चांगली की पेट्रोलची, याचा खल पारावर रोज चालतो, चालू द्या. तुमचा निकाल त्या ९ रुपयांवर आहे.

मी सत्तावीस वर्षं विम्याच्या सर्व्हेअरचं काम केलं. ठोकलेली, बुडालेली, जळालेली गाडी बघायची आणि आकडा लिहायचा, एवढाच धंदा. त्यामुळे गाडीच्या रंगापेक्षा आधी कागद बघायची खोड आहे. तुमचाही हिशोब कागदावर मांडतो.

तुमची फिरती मी मोजली. पंढरपूर जाऊन-येऊन १४५, बार्शी १४०, अक्कलकोट ८०, लातूर अडीचशेच्या आसपास. महिन्याला हजार किलोमीटर. घरचं फिरणं पाचशे धरा. तुळजापूर, मिस्टरांचं गाव, सासूबाईंचे डॉक्टर यात ते सहज होतात. एकूण दीड हजार, म्हणजे वर्षाला १८,०००. इथेच पहिली ठेच. मर्यादा १५,००० ची आहे. वरच्या तीन हजारांचे १८,००० रुपये, महिन्याला दीड हजार, तुमच्या ऑफिसातल्या मंडळींनी धरलेच नसणार.

कापले जाणारे १६,००० कर लागायच्या आधी कापत असतील तर थोडा फायदा आहे. तुमचं उत्पन्न १२ ते १६ लाखांच्या टप्प्यात, तिथे १५ टक्के आणि वर सेस. म्हणजे साधारण अडीच हजार वाचतात. कपातीनंतर करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आसपास उतरलं तर करमाफीमुळे (रिबेट) याहून बरेच जास्तही वाचतील, तेही अकाउंट्सला विचारा. पण कंपनीची गाडी घरी वापरता म्हणून 'सोय' या नावाखाली काही रक्कम पगारात मिळवतात आणि तिच्यावर कर लावतात. जुन्या नियमात, गाडीचा खर्च कंपनी करत असेल तर, १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला १,८०० आणि त्याहून मोठ्याला २,४०० धरायचे. ज्या गाडीला इंजिनच नाही तिचे लिटर कुठून मोजायचे, यावर आमच्या ओळखीच्या दोन सीएंची चहाच्या टपरीवर जुंपलेली मी पाहिली आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, तेव्हा तुमच्या बाबतीत किती रक्कम धरणार ते अकाउंट्सकडून लेखी घ्या. ती करमाफी न धरता मी निव्वळ बचत दोन हजार धरतो. म्हणजे गाडी पडली १४,००० ला.

आता वीज. घरचं बिल तुम्ही लिहिलं नाही, पण तुमच्यासारख्या घरात १८० युनिटं धरायला हरकत नाही. एका युनिटात सात किलोमीटर धरले तर दीड हजाराला २१५ युनिटं लागतील. बिल गेलं ३९५ वर. महावितरणचे टप्पे तुम्हाला ठाऊक आहेतच. शंभरच्या आतलं युनिट स्वस्त, तीनशेच्या पुढचं चौदा-पंधरा रुपयांना. गाडीची वीज नेमकी वरच्या टप्प्यांत पडते, म्हणून 'किलोमीटरला एक रुपया' हे शोरूममधलं गणित घरी जुळत नाही. शुल्क धरून महिन्याला तीन हजार धरा. लातूरच्या फेरीत वाटेत फास्ट चार्जर लावावा लागला तर आणखी.

चौदा, तीन आणि दीड. साडेअठरा हजार. चार वर्षांनी हातात किल्लीसुद्धा नाही.

आता डॉक्टरांची गाडी. नावावर करणं, विमा, टायर, सुरुवातीची डागडुजी धरून पाच लाख. चार वर्षांनी दोन लाखांना जाईल, मी कमीच धरतोय. घट तीन लाख, म्हणजे महिन्याला सव्वासहा हजार. पेट्रोल १०५ रुपये आणि लिटरला सोळा किलोमीटर धरून ९,८५०. तुम्ही म्हणाल, अठरा का नाही? २०१९ ची गाडी वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेली नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद करून कोण गाडी चालवतं? विमा एक हजार, सर्व्हिसिंग-टायर दीड हजार. तीन लाखांचं कर्ज काढलंत तर त्याचं व्याज सव्वा हजार. झाले १९,८५०.

म्हणजे पेट्रोलची महाग, तेराशे-चौदाशे रुपयांनी. ऑफिसातले लोक इथपर्यंत बरोबर आहेत. पण यातून फिरतीचे हजार किलोमीटर गुणिले ९ वजा करा. उरले १०,८५०. महिन्याला साडेसात हजारांचा फरक, चार वर्षांत साडेतीन लाखांच्या वर. कंपनी तुम्हाला गाडी फुकट देत नाही, तुमचा भत्ता वाचवून देते.

म्हणून गाडी मिस्टरांच्या नावावर घेऊ नका. बऱ्याच कंपन्या भत्त्यासाठी आरसीवर कर्मचाऱ्याचंच नाव मागतात. तुमच्या एचआरला एक मेल टाका आणि उत्तर येईपर्यंत डॉक्टरांना बयाणा देऊ नका. स्वतःच्या कामासाठी खासगी गाडी फिरवायला विम्याची आडकाठी नाही. पॉलिसीत 'नमुने किंवा स्वतःचं सामान यांखेरीज इतर माल नेता येणार नाही' असं कलम असतं, त्यामुळे तुमची सँपलची बॅग चालते. स्टॉकिस्टचे खोके डिकीत घातले तर मात्र माझ्यासारखा एखादा सर्व्हेअर फोटो काढेल.

कंपनीच्या गाडीच्या विम्यात एक खाच आहे. आपल्या नावावरच्या गाडीला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घ्यावा लागतो. मालक कंपनी असेल तर तो विमा मिळतच नाही, कारण कंपनी काही स्टिअरिंगवर बसत नाही. त्यामुळे कोणाच्या सांगण्यावरून ती गाडी घेतलीतच, तर स्वतःचा वेगळा अपघात विमा काढा. चार-पाच घरांत याचा पत्ता वाईट वेळी लागलेला मी पाहिला आहे.

तुम्ही भाड्याने राहता, हेही तुम्ही एका शब्दात उरकलंत. दुसऱ्या मजल्यावरचं मीटर, घरमालकाचं नाव, खाली पार्किंग. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या नियमांची परवानगी आहे, पण मंजूर भार वाढवायचा तर अर्ज मालकाचा, वायरिंगचा खर्च तुमचा, आणि घर सोडलं की ते भिंतीतच राहणार. मग लोक जुगाड करतात. विजापूर रोडला एका क्लेमला गेलो होतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडलेली, टोकाला टीव्हीला लावतात तसलं एक्स्टेन्शन. बोर्ड वितळून भिंतीच्या डिस्टेंपरला चिकटला होता, सॉकेटचं एक भोक काळं ठिक्कर, शेजारी मुलाची सायकल. गाडीला ओरखडा नव्हता. त्या माणसाने अर्थिंग कधी तपासलंच नव्हतं, आणि गाडी मात्र तीन आठवडे रात्रभर लावत होता.

विजेवरच्या गाडीवर माझा राग नाही. माझ्या पुतण्याकडे आहे, स्वतःचं घर, छतावर सोलर, रोज चिंचोळी एमआयडीसीला जाऊन-येऊन. त्याला ती लाखमोलाची. तुमची कंपनी उद्या मर्यादा वीस हजारांवर नेत असेल, किंवा निम्मा का होईना भत्ता चालू ठेवत असेल, तर मला परत लिहा, हिशोब बदलेल. रात्री आठला बार्शीहून एकटीने परतताना नवी, वॉरंटीतली गाडी असणं यालाही किंमत आहे. ती किंमत साडेसात हजार आहे का, एवढं तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर पेट्रोलची घेतली असती.

पण डॉक्टरांचीच, असं नाही. ओळखीचा माणूस आहे म्हणून गाडी न तपासता घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि माझ्या धंद्यातली निम्मी भांडणं त्यातूनच आली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याकडे किती गाड्या पाण्यात गेल्या ते तुमच्या मिस्टरांना विचारा. त्यातल्या काही धुऊन-पुसून आता बाजारात आल्या असणार. डॉक्टरांची त्यातली नसेलही, पण तपासायला दोन मिनिटं लागतात. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी अडेपर्यंत. रोज वापरातला वरचा भाग लोक धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली किंवा हाताला बारीक रेती लागली की नमस्कार करून निघा. मग डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खळगा बघा.

५८,००० किलोमीटर खरे की मीटर मागे फिरवलेलं, हे क्लचच्या पेडलचं रबर सांगतं. साठ हजाराला रबराच्या रेषा शाबूत असतात. त्या गुळगुळीत झाल्या असतील आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड खचली असेल, तर गाडी लाखाच्या पुढे गेलेली आहे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीला अजून तेच टायर असतील तर रबर कडक झालेलं आहे, चार नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी करून मागा. सगळ्या काचांवरचं साल एकच आहे ना तेही बघा, एखादीच काच वेगळ्या सालाची असेल तर ती का बदलली ते विचारा. बॉनेटच्या आतल्या बिजागऱ्यांच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर पुढून कधीतरी काम झालेलं आहे.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा चढलेला आहे का ते पाहा. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा उतरवायचा लोक विसरतात, आणि तो उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. ई-चलनं ऑनलाइन दिसतात, डॉक्टरांकडून आधी भरून घ्या. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. डॉक्टर रागावणार नाहीत, तेही तपासल्याशिवाय औषध लिहून देत नाहीत.

चार साठ जास्त वाटतात. टायर जुने निघाले तर चार तीसपासून बोलायला लागा.

---

काका, शेजाऱ्यांनी मार्चमध्ये जुनी कार घेतली. आरसी नावावर झाली, विमा ऑगस्टपर्यंत जुन्याच मालकाच्या नावावर आहे. ते म्हणतात, संपल्यावर एकदमच बदलू. बरोबर आहे का? – निवृत्त बँक कर्मचारी, अक्कलकोट रोड

अजिबात नाही. गाडी विकली की तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जात नाही. त्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. शिवाय 'नो क्लेम बोनस' हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाला मिळालेली सवलत त्याच्याबरोबर जाते आणि तेवढा फरक तुमच्या शेजाऱ्यांना भरावा लागेल. तो चुकवायचा म्हणूनच लोक गप्प बसतात. होटगी रोडला एकाच्या गाडीसमोर रात्री म्हैस आली. रेडिएटर, बॉनेट, एक हेडलाइट, ६२,००० चं काम. आरसी एका नावावर, पॉलिसी दुसऱ्या. रिपोर्ट मीच लिहिला, क्लेम बसला नाही. बोनसचा फरक होता २,१०० रुपये. शेजाऱ्यांना म्हणावं आरसी, जुनी पॉलिसी आणि आधार घेऊन उद्याच विमा कंपनीच्या ऑफिसात जा, आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका.