बेल्जियन डुबेल बिअरची बाटली भेट मिळाली आहे. नागपुरात तिच्यासोबत काय खावं? सावजी चालेल का?

सावजी नको भाऊ. ती चूक मी करून बसलोय. मेहुण्याने ब्रसेल्सहून वेस्टमाले या बेल्जियन मठाच्या डुबेलच्या दोन बाटल्या आणल्या, आणि नागपुरात पाहुण्याला दुसरं काय द्यायचं म्हणून मी सावजी मटण मागवलं. मिरची आणि अल्कोहोल दोन्ही जिभेवर एकच आग लावतात, त्यात बिअरचा गॅस. तिसऱ्या घोटाला मेहुणा पाणी मागायला लागला. चव कोणालाच कळली नाही.

शिवाय फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली होती. ही काही चिल्ड प्यायची बिअर नाही, दहा-बारा अंशांवर तिचा वास सुटतो. मे महिन्यात आपल्याकडे त्यासाठी फार थांबावं लागत नाही म्हणा! माझा अर्धा ग्लास ओट्यावरच राहिला होता. जेवणानंतर उचलला तर मनुका, पिकलं केळं, जराशी लवंग, आणि मागून थेट काकवी. मनुका-केळं कोणी टाकलेलं नसतं, ती यीस्टची करामत. काकवीचा वास मात्र साखरेचाच: गडद होईपर्यंत आटवलेला साखरेचा पाक यात घालतात, बराचसा रंगही त्याचा. पण ती साखर यीस्ट खाऊन टाकतं. म्हणून दिसायला काढा, प्यायला हलकी, आणि घोट उतरल्यावर तोंड जवळजवळ कोरडं. वेस्टमालेच्या मठात १८५६ पासून काळी बिअर करतात, १९२६ मध्ये ती आणखी कडक केली. आज ७ टक्के अल्कोहोल आहे, तेव्हा बेताने.

दुसरी बाटली वांग्याच्या भरतासोबत उघडली. वांगी निखाऱ्यावर भाजलेली, मिरची हात राखून, सोबत ज्वारीची भाकर. भरतात सालाचे दोन-चार जळके तुकडे राहिले होते. तो धुरकट कडवटपणा आणि बिअरमधली काकवी असे काही जुळले की मेहुण्याने भाकर परत मागितली. सांबारवडीही (आपली कोथिंबिरीची) छान जाते, फेसाने तेलकटपणा कापला जातो. संत्रा बर्फी मात्र आधी खाऊ नका, तिच्या गोडापुढे बिअर नुसती कडू लागते.

आणि हो, बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. तळाशी यीस्टचा गाळ असतो. हळू ओता आणि शेवटची बोटभर बिअर बाटलीतच राहू द्या.